पंचेचाळीसाव्या रेषेवरचा आग्रह

मी वेळेवर ब्रेक दाबला नसता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. आणि मी आत्ता तुरुंगात असते!

जूनमधली सोमवारची सकाळ होती. रात्री पाऊस पडून गेला होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घोट्याएवढा मका ओला होऊन चकाकत होता. मी ग्रेडर चालवते. भलंमोठं पिवळं धूड असतं ते. त्याचं पातं टेकवून गावाभोवतीचे खडीचे रस्ते सपाट करायचे, ही माझी नोकरी. तर पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऐन मधोमध, एक तरुण उभा. नजर फोनवर. एक पाऊल पुढे टाकायचा, पुन्हा अर्धं मागे घ्यायचा...

मी भोंगा वाजवला. त्यानं वर न बघताच हात केला. "एक मिनिट!"

"अहो, जीव नकोसा झालाय का?" मी खिडकीतून ओरडले.

"मी पंचेचाळीस अक्षांशावर उभा आहे! विषुववृत्त तिकडे, उत्तर ध्रुव तिकडे, आणि मी बरोब्बर मध्ये."

"माझ्या रस्त्याच्या मध्ये आहात, ते दिसतंय मला. ती रेषा बघायची तर पुढे जा अर्धा मैल. माझ्या आत्याच्या कॅफेसमोर पाटी आहे."

"पाटी चुकलीय," तो म्हणाला.

"चुकली नाही. इथे गाड्या लावायला जागा नव्हती, म्हणून तिकडे लावली."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. पावसानं भिजलेले कुरळे केस, कपाळावर चिखलाचा ठिपका. आणि तो हसला... डावीकडे जरा जास्त, उजवीकडे जरा कमी. मी उगाचच गिअरशी खेळत बसले.

त्याचं नाव मायलो फेरांटे. न्यू जर्सीच्या शाळेत भूगोल शिकवतो. पूर्वेला मेन राज्याच्या किनाऱ्यावरून निघाला होता आणि थेट ओरेगॉनच्या समुद्रापर्यंत जायचं होतं, तेही या एकाच रेषेला धरून. पाच मैलांपेक्षा लांब जायचं नाही, असा त्याचा नियम. पश्चिमेकडच्या निम्म्या रस्त्यांची आखणी एक मित्र करणार होता. मित्राचं ऐनवेळी लग्न ठरलं, आणि निम्मा देश कोराच राहिला. त्यात पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद.

"शनिवारी आठला उघडेल," मी म्हणाले. "घाई असेल तर दुसरा आहे. नऊ मैलांवर."

"नऊ? मग नियम मोडेल."

"कोण बघायला येणारे?"

"मी बघतोय ना!"

असल्या हट्टाला काय म्हणावं! पण मला तो आवडला. खरं सांगते, तिथंच, त्या चिखलात आवडला.

मग रोज साडेतीनला माझी सुट्टी झाली की आम्ही लव्हॉन आत्याच्या कॅफेत नकाशे पसरून बसू लागलो. दुसऱ्याच दिवशी अहोजाहो गळून पडलं. रस्त्यांचं मला बरं कळतं. नकाशावरच्या बारीक रेघेकडे बघून मी सांगू शकते की तिथे खडी आहे, चिखल आहे की नुसत्या गायी. पण खुद्द मी? सव्वीस वर्षांत साउथ डाकोटाच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्यांनी जावं म्हणून रस्ते सपाट करायचे आणि संध्याकाळी घरी परत यायचं. त्या पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवताना वाटायचं, आपण कधी जाणार?

आता आमच्या हॉग्लुंड गावाची एक रीत सांगायलाच हवी. इथे कुणी काही देऊ केलं की आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'कशाला उगाच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच समोरच्यानं मनापासून विचारलं असं धरायचं आणि मग लाजत लाजत घ्यायचं. हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. सांगायची गोष्टच नाही ती!

मायलोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कॉफी?"

"नको," मी म्हणाले.

तो गेला आणि एकच कप घेऊन आला. माझ्यासमोर बसून शांतपणे प्यायला.

बुधवारी तर कहर झाला. आत्यानं रुबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्यांची बशी ठेवली होती. शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. तिचा अर्धा भाग कापून घ्यायचा, मग अर्ध्याचा अर्धा... असं चुरा उरेपर्यंत. मायलोनं ती अख्खी उचलली आणि तोंडात टाकली. आत्याचा हात कॉफीच्या भांड्यावर थांबला. माझे मुकादम ऑर्विल खाकरले.

"मस्त झाल्यात!" मायलो म्हणाला.

गुरुवारी आम्ही नकाशावर मोंटानापर्यंत पोचलो. त्यानं पेन्सिल टेकवली. "हा रस्ता?"

"कागदावर आहे. जमिनीवर कुंपण असेल."

"मग हा?"

"तो डोंगरात शिरतो नि शिरूनच राहतो. मायलो, डोंगर काही तुझा नियम वाचत नाहीत."

चेहरा एवढासा झाला त्याचा. मला राहवेना. मी म्हटलं, "नियम बदल. हवं तेवढं भटकावं. फक्त दिवसातून एकदा रेषेवर परत यायचं नि दोन्ही पाय रोवून उभं राहायचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वहीतला जुना नियम खोडला आणि खाली लिहिलं – ब्रिटाचा नियम. माझं नाव त्याच्या अक्षरात जरा तिरकं आलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मग एकदम लक्षात आलं. "म्हणजे... नऊ मैलांवरचा पूलही चालेल की आता तुला."

"चालेल."

"आत्ताच निघू शकतोस."

"निघू शकतो." त्यानं पेन्सिल उगाचच घासली. "पण शनिवारपर्यंत थांबीन म्हणतो."

"कशाला?"

"तो पूल बघायचाय."

"बघण्यासारखं काही नाहीये त्यात!"

"मला वाटतंय, आहे," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे.

शुक्रवारी संध्याकाळी कॅफेत तळलेल्या माशांचा वास दरवळत होता. पॅसिफिकपर्यंतची रेघ पुरी झाली होती. मायलोनं नकाशाच्या घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या.

"ब्रिटा... माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. येशील?"

छातीत असं काही धडधडलं की वाटलं, ऑर्विलना ऐकू जाईल. आणि माझं तोंड? ते सवयीनं म्हणालं, "नको रे, मी कुठे..."

मग मी वाट बघत बसले. दुसऱ्यांदा विचारण्याची.

"बरं," तो हळूच म्हणाला. "समजलं." नकाशे बगलेत मारून तो बाहेर पडला. दारावरची घंटा किणकिणली.

आत्या धावतच आली. "एकदाच विचारलं?"

"एकदाच!"

"आणि तू?"

"नको म्हणाले."

"म्हणणारच," आत्या म्हणाली. मग माझ्या समोर बसली. "पण बाळा, तो परका. त्यांच्याकडे नको म्हणजे नको."

"मग मी काय करू?" मला रडू फुटलं. लाज वाटायचंही भान नव्हतं.

"मी काय सांगणार," आत्या म्हणाली आणि माझी ताटली उचलून ऑर्विलकडे वळली. "हिची सुट्टी किती साठलीय हो?"

"पाच आठवडे," ऑर्विल माशाच्या तुकड्याकडे बघत म्हणाले. "कोणी घे म्हणालं नाही तिला, म्हणून राहिलीय."

शनिवारी आठला पाच मिनिटं असताना मायलोची छोटी हिरवी गाडी धूळ उडवत आली. रस्त्यात माझा ग्रेडर आडवा उभा होता. पहिल्या दिवशी मायलो जिथे उभा होता, अगदी तिथे. त्यानं भोंगा वाजवला. मी हात वर केला.

"एक मिनिट!"

तो गाडीतून उतरला. डोळे जागरणानं लाल होते. "पूल उघडला ना?"

"उघडेल. पण काल तू मला एकदाच विचारलंस."

"तू नको म्हणालीस."

"एकदाच नको म्हणाले!" माझा आवाज चिरकला. "आमच्याकडे तीनदा विचारतात, मायलो. पहिला नको नुसता दारात चपला काढण्यासारखा असतो. आत यायचंच असतं माणसाला!"

तो बघतच राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजाडू लागलं.

"म्हणजे सोमवारची ती कॉफी..."

"हवी होती मला."

"अरे देवा! आणि ती शेवटची वडी?"

"गाव माफ करेल. हळूहळू."

तो हसला. तसंच, डावीकडे जरा जास्त. दोन पावलं पुढे आला. "ब्रिटा, येतेस?"

"कशाला उगाच त्रास..."

आता तिसरी खेप. पण हा पठ्ठ्या गप्प! खाली वाकून बुटाची नाडी बांधली. मक्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं.

"मायलो!"

"काय गं?"

"विचार ना!"

तो अगदी जवळ आला. माझा धुळीनं माखलेला हात हातात घेतला. "ब्रिटा हॉगेन, मला तू आवडतेस. समुद्रापर्यंत येशील माझ्याबरोबर?"

"आता तू एवढा आग्रहच करतोयस तर..." मी म्हणाले, आणि ग्रेडरच्या केबिनमधून बॅग खाली ओढली.

बॅग बघून त्याचे डोळे विस्फारले. "ही कधी भरलीस?"

"काल. तू पहिल्यांदा विचारलंस, तेव्हाच घरी जाऊन."

ग्रेडर न्यायला ऑर्विल केव्हाचेच मक्याच्या कडेला येऊन उभे होते, आम्ही दिसतच नाही असं दाखवत. मी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

पूल ओलांडताना मायलोनं थर्मास पुढे केला. "कॉफी?"

"हो," मी म्हणाले. पहिल्याच वेळी. जन्मात पहिल्यांदा.