शिळेवरची शेवटची ओळ

"काहीतरीच काय! नीट बघ ना!" उना ओरडली.

"दोनदा बघितलं बाई! शेवटचं नाव टॅनर. त्याखाली नुसती खडी," तिचा मित्र कॉर्विन म्हणाला.

अकरा नोव्हेंबर, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाची सुट्टी; सव्वादहा वाजलेले. अकराला बंदरावरच्या या युद्धस्मारकापाशी अख्खं गाव जमणार होतं आणि आजीही येणार होती. आजीला आता दिसत नव्हतं. दर वर्षी ती शिळेवर बोटं फिरवून आपल्या भावाचं नाव शोधायची: ॲम्ब्रोस झ्विकर. एकोणिसाव्या वर्षी तो युद्धात जहाजाबरोबर बुडाला. ना देह मिळाला, ना थडगं झालं. आजीसाठी तो उरला होता फक्त या अक्षरांत. आज बोटांना काहीच लागलं नाही, तर?

"रस्ता रुंद करताना शिळा हलवली ना! दुसरीच बसवली असेल," कॉर्विन म्हणाला.

"छे! हा फुटका कोपरा बघ. तीच आहे!"

कॉर्विनने टोपी काढून शिळेच्या माथ्यावर ठेवली आणि तो थबकला. "उना! गेल्या वर्षी उड्या मारूनही माझा हात इथे पोचत नव्हता!"

"तू वाढलास, ताडमाडा!"

"एका वर्षात एवढा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उनाने खिशातून आजीचा जुना कागद काढला. नावावर कागद धरून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात, तसा तो ठसा होता. नावाखाली जहाजाचा नांगरही उमटला होता. शिळेवर नांगर कुठेच नव्हता.

"गाडलीय! खालची ओळ जमिनीत गाडलीय!"

कॉर्विन धावत जाऊन आपल्या बाबांच्या गाडीतलं शिंपले उकरायचं फावडं घेऊन आला. दोघं खडी उपसू लागले. लांबून बँडचा आवाज आला. साडेदहा झाले... पावणेअकरा झाले! उनाची बोटं थंडीने बधिर झाली, नखं तुटली.

"ए कार्ट्यांनो! काय चाललंय?" शिळा बसवणारे हेबकाका नव्याकोऱ्या सुटात धावत आले. "डुगडुगू नये म्हणून मीच खोल रोवलीय! खाली नुसता पाया आहे!"

"नाही काका! हा ठसा बघा!" उनाला रडू फुटलं. "तुम्ही माझ्या आजीचा भाऊ पुरलात!"

हेबकाकांनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काढली तेव्हा खाली शेवाळ-चिखल थापला होता, ओळ दिसलीच नाही गं मला," ते पुटपुटले. पुढच्याच क्षणी ते त्या कोऱ्या सुटात चिखलात गुडघे टेकून दोन्ही हातांनी खडी उपसू लागले.

गाव जमलं, आजीही आली. अकराचे टोल पडले. युद्धात गेलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. त्या दोन मिनिटांत आजी उनाचा हात धरून खड्ड्याशी बसली. तिची बोटं शिळेवरून खाली सरकली. टॅनर. मग ओली माती. बोटं आणखी खाली गेली आणि थांबली. एकेक अक्षर चाचपत आजीने पूर्ण नाव वाचलं.

शांतता संपली तशी कोटांवर आठवणीखातर लावलेली लाल पॉपीची फुलं काढून माणसं शिळेशी ठेवू लागली. सगळ्यांत आधी हेबकाकांनी आपलं फूल खड्ड्यात ठेवलं. "उद्या शिळा वर उचलतो. चूक माझी. पोरांनी लाज राखली गावाची!"

आजीने चिखलाचा हात उनाच्या गालावर ठेवला.

"लपाछपीत ॲम्ब्रोस मला कधीच सापडायचा नाही," ती म्हणाली. "माझ्या नातीनं शोधला बघ!"