पाकीट न फोडलेली डिस्क

ती मुद्दाम जेवणाच्या वेळी गेली. म्हटलं, तो त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नसेल. लॅपटॉप त्याच्या भावाच्या हातात द्यायचा आणि सटकायचं. पण कसलं काय! समोर तोच, डबा उघडून बसलेला.

"अरे वा, मंगळवारीच?" तो हसला.

"बंद पडलाय..." ती पुटपुटली.

छपाईसाठी पुस्तकांची पानं लॅपटॉपवर लावून द्यायचा तिचा व्यवसाय. मालकीण तीच, कामगारही तीच. लॅपटॉप बसला की धंदाच बसला. त्यात तिच्या शाळेतल्या बाईंचं आठवणींचं पुस्तक परवा छापायला जायचं होतं. ऐंशीव्या वर्षी बाई एवढीच एक हौस धरून बसल्या होत्या.

"घाबरताय काय? डिस्कवर सगळ्या कामाची कॉपी आहेच की."

ही बाहेरून जोडायची डिस्क त्यानेच दिलेली. तेव्हापासून दर शुक्रवारी पाचला त्याचा फोन — "कॉपी घेतली?" "घेतली!" आणि पुढे अर्धा तास नुसत्या गप्पा.

तिने डिस्क टेबलावर ठेवली. प्लास्टिकचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

"म्हणजे... एकदाही नाही?"

"नाही. दर शुक्रवारी खोटं बोलले. बोला ना काहीतरी! रागवा तरी!"

तो रागावला नाही. त्याचे कानच लाल झाले.

"लाज मला वाटायला हवी. कॉपी आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करता आली असती. पाच मिनिटांचं काम हो... मुद्दाम केलं नाही."

"का?"

"मग शुक्रवारी कुठल्या निमित्ताने फोन केला असता?"

तिला खरं तर चिडायचं होतं. बाईंचं पुस्तक टांगणीला, आणि हा असा! पण हसू आलं, आणि डोळेही भरले.

संध्याकाळपर्यंत त्याने बरंचसं काम परत मिळवलं. शेवटची तीस पानं मात्र गेली ती गेलीच. बुधवारी तो तिच्याकडे आला आणि स्टूल ओढून शेजारी बसला. बाईंच्या वहीतून तो वाचत गेला, ती टाइप करत गेली. जाताना त्याने ती पाच मिनिटांची सोयही करून टाकली.

गुरुवारी पुस्तक छापायला गेलं. शुक्रवारी ठीक पाचला फोन वाजला.

"काम काहीच नाही," तो चाचरला. "उगीच केला..."

"आज खरं सांगू?" ती म्हणाली. "सकाळपासून वाट बघतेय."