सभेच्या दिवशी वीज जात नाही

"गेली! एक वाजून बारा मिनिटं!" घड्याळ ओरडला आणि कॅलेंडरवर फुली मारायला धावला.

डोक्यावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. समोरच्या बेकरीतून काकूंचा आवाज लगेच आला, "पुन्हा गेली! माझं पीठ मशीनमध्ये अर्धं मळलेलं! कुठाय तो सोलरवाला? झोपला असेल पंख्याखाली!"

आता वीज गेल्यावर पंख्याखाली कोण झोपेल, एवढाही विचार काकूंना रागाच्या भरात सुचत नव्हता. तो सोलरवाला म्हणजे ठिणगीचे बाबा. ठिणगीने खिडकी धाडकन लावून घेतली.

वस्तीच्या एकुलत्या एक मैदानावर गेल्या वर्षी सोलरची पॅनल बसली. दिवसाची वीज त्यांची, रात्रीची जुन्या लाइनची. ऑपरेटर म्हणून बाबांना नेमलं. पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, वीज जायला लागली. झालं! ज्यांचं मैदान गेलं ते आधीच चिडलेले, आता ज्यांची कामं अडली तेही चिडले. उद्याच्या सभेत दोन ठराव येणार होते. पॅनल उखडायची आणि बाबांना काढून टाकायचं.

"ठिणगे, गंमत बघ," घड्याळ म्हणाला. हा तिचा मामेभाऊ, सुट्टीत राहायला आलेला. काहीही घडलं की आधी वेळ बघायची, ही त्याची जन्मजात खोड, म्हणून नाव घड्याळ. "सदतीस दिवसांत तेहतीस वेळा वीज गेली. चारच दिवस गेली नाही."

"ढगाळ असेल. मशीनला काम कमी."

"एकदाच ढग होते. बाकी तिन्ही दिवशी कडकडीत ऊन! हे बघ."

ठिणगीने त्या चार तारखा पाहिल्या. त्या तिला पाठ होत्या. त्या चारही संध्याकाळी बाबा न जेवता झोपले होते.

"या सभेच्या तारखा आहेत," ती म्हणाली.

"अरे बापरे! म्हणजे खेळाच्या क्लबचे शिट्टीसर म्हणतात ते... सभेच्या दिवशी तुझे बाबा मुद्दाम वीज..."

"पुढे बोललास तर पेन्सिल डोळ्यात घालीन!"

पण लोक तेच बोलत होते. कंपनीचा इंजिनियरही नेमका सभेच्याच दिवशी आला, सगळं चालू बघून "बिघाड नाही" असं लिहून चहा पिऊन गेला.

दोघं तडक मशीनघरात गेले. बाबा बंद पडलेल्या इन्व्हर्टरसमोर उभे होते. पॅनलची वीज घरात वापरता यावी अशी करून देणारं ते कपाटाएवढं मशीन.

"फार तापलं की आपोआप बंद पडतं, निवलं की सुरू होतं," बाबा म्हणाले. "पंखे चालू, तरी खोलीची भट्टी होते. कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, उन्हाळा आहे."

"गरम हवा बाहेर कुठून जाते, आत्या?" घड्याळने गडबडीत विचारलं.

"मी तुझी आत्या कधीपासून झालो रे? आतोबा ना!" एवढ्या तापातही बाबांना हसू फुटलं. "मागच्या भिंतीतल्या जाळ्यांतून. आतून साफ आहेत, रोज पुसतो. पण पट्ट्या तिरक्या, पलीकडचं दिसत नाही. पलीकडे क्लबची गल्ली. शिट्टीसरांनी फाटकाला कुलूप घातलंय. किल्ली मागितली, तर म्हणाले, मैदान घेतलंत, आता गल्लीही पाहिजे?"

शिट्टीसर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक, क्लबचे सर्वेसर्वा. त्या गल्लीत शिरायचं तर क्लबचं माणूस हवं. आणि क्लबचं एकच माणूस ठिणगीच्या वयाचं होतं. गोली!

गोलकीपर म्हणून गोली. मैदान गेल्यापासून ती दवाखान्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. एके काळची ठिणगीची जिवलग मैत्रीण. आता वर्षभर अबोला.

"हिला सांग, सोलरवाल्याच्या मुलीशी मी बोलत नाही," गोली घड्याळला म्हणाली.

"हिला सांग, मला तरी कुठे हौस आहे?" ठिणगी म्हणाली.

"मी काय पोस्टमन आहे?" घड्याळ वैतागला. "गोली, आम्हाला गल्लीत मशीनघराची मागची भिंत बघायचीय. पाच मिनिटं!"

गोलीने चेंडू काखेत धरला. "येते. पण मदतीला नाही हं! हिच्या बाबांची लबाडी पकडायला येते."

"पकड ना! आहे कुठे लबाडी?"

तिघं फाटकावरून चढून पलीकडे उतरले. मशीनघराच्या मागे, छपराच्या सावलीत, निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी भिंतीला चिकटून उभं होतं. घड्याळने दोरी सोडली. आत खुर्च्या! प्लॅस्टिकच्या दोनशे खुर्च्यांच्या उंच थप्प्या. ठिणगीने थप्प्यांच्या फटीतून हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"चटका बसला! जाळी इथेच आहे. सगळ्या जाळ्या झाकल्यात!"

गोलीचा चेहरा उतरला. "या आमच्याच खुर्च्या. आधी मैदानावरच्या शेडमध्ये असायच्या. तुमच्या पॅनलसाठी शेड पाडली, मग ठेवणार कुठे? उन्हाळा लागल्यावर सर म्हणाले, भिंतीला घट्ट लावा, ऊन लागायला नको." ती क्षणभर थांबली. "दर सभेनंतर मीच लावते."

"सभेला खुर्च्या बाहेर निघतात!" घड्याळ उड्या मारायला लागला. "म्हणून सभेच्या दिवशी वीज जात नाही! चला, ढकलून देऊ आत्ताच!"

"हात लावू नकोस!" ठिणगी ओरडली. "आत्ता हलवल्या आणि उद्या वीज गेली नाही, की सगळे म्हणणार, सभेच्या दिवशी जात नाहीच!"

"कोण आहे रे तिकडे?" लांबून कर्कश शिट्टी वाजली. तिघांनी ताडपत्री ओढली आणि धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता शाळेचा हॉल गच्च भरला. पंखे गरगर फिरत होते.

"बघा! आज कसे फिरतायत!" शिट्टीसर गरजले. "पॅनलनी एवढं मैदान गिळलं आणि वीज देतात कधी? साहेबांची मर्जी असेल तेव्हा! हा माणूस आपल्याला उल्लू बनवतो!"

"हाकला त्याला!" मागून कोणीतरी ओरडलं. बाबा मान खाली घालून उभे होते. ते बघून ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सरळ बाकावर चढली.

"आजही वीज जाणार! पण आधी प्रत्येकाने आपली खुर्ची जिथून आणली तिथे ठेवायची. क्लबच्या गल्लीत, भिंतीला घट्ट लावून. आणि माझे बाबा इथेच, सगळ्यांसमोर उभे राहतील!"

हॉलमध्ये हशा पिकला. "पोरखेळ! खाली उतर!" सर म्हणाले.

तेवढ्यात गोली उठली. तिने स्वतःची खुर्ची डोक्यावर घेतली. "सर, मी क्लबची आहे. आणि मी ठेवायला निघालेय."

"माझं पीठ रोज वाया जातंय," बेकरीवाल्या काकू उठल्या. "एक तास उभी राहीन. पण खोटं निघालं ना पोरी, तर तुझी खैर नाही!"

कुरकुरत, एकमेकांना धक्के देत माणसं उठली. थप्प्या पुन्हा भिंतीला लागल्या. मग सुरू झालं वाट बघणं. लोक या पायावरून त्या पायावर होत होते. "काय मूर्खपणा!" "पाय गेले माझे!" घड्याळ दर दहा मिनिटांनी वेळ सांगायचा आणि दरवेळी शिव्या खायचा. बाबा हॉलच्या मधोमध उभे होते आणि अख्खी वस्ती त्यांच्यावर डोळे रोखून होती.

"बावन्न मिनिटं!" घड्याळ म्हणाला आणि पंखे थांबले.

मग गोली पळत गेली, तिच्यामागे निम्मा हॉल गेला. खुर्च्या हटल्या, काकूंनी जाळीपुढे हात धरला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला. अठरा मिनिटांत पंखे पुन्हा फिरले.

"शाबास पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," वस्तीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठिणगी हसली नाही.

"मला शाबासकी नको. तुम्ही माझ्या बाबांना लबाड म्हणालात. त्यांची माफी मागा."

शिट्टीसर बाबांसमोर येऊन उभे राहिले. आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता. "चुकलं माझं. मी कुलूप घातलं नसतं तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

बाबांनी मान वर केली. "चूक माझीही आहे, सर. शाळेचं, बाजाराचं छप्पर रिकामं होतं. पॅनल तिथे मावतील, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. पण नोकरी मिळणार होती. मैदान गेलं आणि मी गप्प बसलो."

ठिणगीने चमकून बाबांकडे पाहिलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"छपरांना अकरा जणांच्या सह्या लागत होत्या," अध्यक्षबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मैदानाला माझी एकटीची पुरली."

मग मात्र पुन्हा आवाज चढले! पण तासाभराने तिसराच ठराव झाला. बाबा राहतील, पॅनलही राहतील. पण छपरांवर जागा होईल तशी तिकडे हलतील आणि मैदान मोकळं होत जाईल. छपरांची मापं सोमवारी बाबा आणि शिट्टीसर मिळून घेणार. दोघांनी मान डोलावली, एकमेकांकडे न बघता.

"ही पोरं नसती, तर आपण एकमेकांचे गळेच धरले असते," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उद्या तिघांनी बेकरीत यायचं. पाव माझ्याकडून!"

हॉल रिकामा झाल्यावर गोली ठिणगीसमोर आली. मध्ये घड्याळ नव्हता.

"तुझ्या बाबांवरचा माझा राग गेलेला नाही हं," ती म्हणाली.

"आज मलाही आलाय," ठिणगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण ते सगळ्यांसमोर बोलले."

"बोलले खरे," गोली म्हणाली. "माझी तेवढी हिंमत झाली नसती."

ती ठिणगीच्या शेजारी बाकावर बसली आणि दोघी मशीनघर बघायला गेलेल्या बाबांची वाट बघत थांबल्या.