परवाची तारीख

“हे अक्षर माज्या भावाचं न्हाय! बोल वयनी, कोन हाय तो?”

गुणाजीने अंबाडा धरून कोकिळेला पाटावरून खेचले, तसा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा कलश लवंडला आणि वरचा नारळ घरंगळत उंबऱ्याला जाऊन थडकला... देवी आई, तुझ्या डोळ्यांदेखत हे काय गं घडले!

मांडव्याजवळच्या त्या कोळीवाड्यात टपालवाल्याने नुकतेच कराचीचे पत्र दिले होते. कोकिळेचा नवरा शिवदास तिथल्या गोदीत कामाला. धाकटा दीर गुणाजी घरची होडी चालवी. त्याला अक्षरे धड लागत नसत, पण आकडे येत. पत्राच्या माथ्यावर तारीख परवाची होती!

“मी सोता गेलोय कराचीला! बोटीनं तीन दिस नुसतं पानीच पानी. परवाचं पत्र आज इथं? त्याला काय पंख फुटलं? ह्ये इथल्याच कुनीतरी लिवलंय!”

कोकिळेला स्वतःलाच ते कोडे उलगडत नव्हते. पण दोन यत्ता शिकलेल्या तिने मजकूर मात्र वाचला होता. ‘महिन्यामागे माल उचलणाऱ्या यारीखाली माझा उजवा हात गेला. दुसऱ्याकडून लिहवतो आहे. उद्याच्या बोटीने निघतो. आईची छाती नाजूक; मी येईतो तिला कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ...’

“त्यांचंच हाय ते,” ती एवढेच पुटपुटली.

“आण इकडं! तुळशीराम मास्तरांकडनं वाचून घेतो!”

तिने झटक्यात पत्र चुलीत कोंबले.

मग गुणाजीच्या डोळ्यांत रक्तच उतरले! कोपऱ्यातले वल्हे त्याने उचलले. पहिला घाव पाठीवर, दुसरा डाव्या मनगटावर... कडकन आवाज झाला, पांढरे हाड कातडी फाडून वर आले, रांगोळीवर रक्ताची धार सांडली. दारात सासू आवडाबाई छाती आवळून रडत होती, “कोकळे, बोल ना गं येकदा!” सासूच्या निळसर पडलेल्या ओठांकडे कोकिळेने पाहिले आणि आपले ओठ दातांखाली धरले. गुणाजीने तिला फरपटत अंगणात फेकले. शेजारच्या ठमीने तिला आपल्या ओटीवर नेले.

रविवारी दुपारी शिवदास आला. सदऱ्याची उजवी बाही रिकामी लोंबत होती.

“आये, जीव वाचला बघ माजा!” कोसळणाऱ्या आईला त्याने डाव्या हाताने छातीशी धरले. “कोकळेनं पत्राचं काय सांगितलं न्हाय ना? मीच शपथ घातलेली. कारकुनानं ते त्या नव्या, आभाळातनं जानाऱ्या इमानाच्या टपालात टाकलं. सकाळी कराचीहून उडतं, दिस मावळायच्या आत मुंबईला! मला मातर बोटीनं यायला इतके दिस... कुठं हाय ती?”

आवडाबाईने ठमीच्या ओटीकडे बोट केले.

गुणाजी धावत ठमीच्या ओटीवर गेला. घरून आणलेले तेच वल्हे कोकिळेपुढे टाकून त्याने मान खाली घातली. “वयनी, मार मला! ह्यो हात मोडून टाक!”

मागून शिवदास आला होता, आईला आधार देत. त्याने तिच्या मनगटाला बांधलेल्या कामट्या पाहिल्या, आणि वाघासारखा गुणाजीच्या नरड्यावर झेपावला! पण कोकिळा मध्ये आली.

“नगं,” ती हळू म्हणाली. मग गुणाजीकडे वळली. “उचल ते वल्हं. उद्यापासनं होडीत तुज्या भावाच्या वाटचंबी तूच वल्हवायचं.”

आवडाबाईने सुनेला पोटाशी ओढले, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच कोकिळा मोठ्याने रडली.