तांबू व्याली

तांबूनं दावं तोडलं आणि सरळ गुरांच्या दवाखान्यात शिरली, म्हणून ते दोघं भेटले. एरवी भेटायचं काही कारणच नव्हतं.

सदतीस सालचा चैत्र. पाचोऱ्याच्या रस्त्यावर कडुनिंबाचा मोहोर सांडला होता. उखर्डू आबा आणि त्यांची लेक वच्छला गाईला विकायला बाजारात नेत होते. तांबू चार-सहा दिवसांआड माजावर यायची, हंबरून गोठा डोक्यावर घ्यायची, पण गाभण काही राहत नव्हती.

वच्छला धावत आत गेली, तर समोर दंडापर्यंत साबण फासलेला तरुण डॉक्टर, आणि त्याची लवंडलेली बादली.

"गाय तुमची का?"

"बादली तुमची का?" ती बोलून गेली... आणि तिनं जीभ चावली.

तो हसला. धुळ्याचा अभिमन, विधवा आईचा एकुलता एक.

"डाक्टर, वांझोटी शे ती," आबा धापा टाकत म्हणाले.

"वळू बदलून पाहिला का, आबा? दोष दर वेळी गाईचाच नसतो."

वच्छलाचे कान तापले. सहा वर्षं ती बोदवडला नांदली. मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी धाडलं. असा प्रश्न तेव्हा कुणालाच सुचला नव्हता.

"दोन वळू झाले," आबा म्हणाले.

अभिमननं गाईच्या पोटात हात घातला, डोळे मिटून चाचपलं. "सापडलं. अंडाशयावर पाण्याचा फोड आहे, लिंबाएवढा. तोच तिला स्वस्थ बसू देत नाही." त्यानं आतल्या आत बोटांनी फोड दाबून फोडला. "वांझ नाही ती. आजारी होती, इतकंच. आता पुढच्या माजापर्यंतचे दिवस लिहून ठेवा."

"लिहिता येत नही," वच्छला पुटपुटली.

"मग रोज सुतळीला एक गाठ मारा. मला तीच दाखवा."

तांबू बाजाराऐवजी घरी परतली. वच्छला दर आठवड्याला दोन कोस चालून सुतळी दाखवायला येऊ लागली. वैशाखात वळू दाखवला, आणि तिथून नवी सुतळी सुरू झाली.

"ही गाठ सैल का?" एकदा त्यानं विचारलं.

"त्या दिवशी मी आले होते. तुम्ही फिरतीवर होतात."

ती सैल गाठ तो बराच वेळ बोटात धरून बसला.

नव्वदाव्या गाठीला त्यानं तांबूला तपासलं. "गाभण!" वच्छलाला हसू आणि रडू बरोबरच आलं. तेव्हाच तो हळू आवाजात म्हणाला, "माझी धुळ्याला बदली झालीय, वच्छला. बोदवडहून काडीमोड घेऊ... पाट लावू. आईला सांगितलंय मी."

"त्यांना नातू हवा असेल."

"मला तू हवी आहेस."

"मला मूल होत नही, डाक्टर."

"तुझ्या नवऱ्याला कुणी तपासलं होतं?"

"माणसांचं तसं नसतं."

"कोण म्हणतं?"

"बठ्ठा गाव म्हनस..."

त्यानं सुतळी तिच्या हातात परत दिली. "तांबू व्याली की एक कार्ड टाक. दोनच शब्द – तांबू व्याली. मी न्यायला येईन. नाही आलं, तर समजेन."

माघात तांबूला कालवड झाली. वच्छलानं चांद पोस्टमनकडून कार्ड घेतलं, आणि कोरंच ज्वारीच्या मडक्यात ठेवलं. ज्याचं भलं व्हावं असं वाटतं, त्याच्या घरात आपली रिकामी ओटी कशी न्यायची?

दोन वर्षांनी बाजारात बोदवडची शेवंताबाई भेटली. सासरी असताना शेजारीण होती. "आयकं का, वच्छी? तुनी सवतलेबी धाडी दिनं माहेरले. तिलेबी पोर नही. आते तिसरी करस म्हने!"

वच्छला हातातली टोपली घेऊन तशीच उभी राहिली. वळू बदलून पाहिला का, आबा?

घरी येऊन तिनं मडक्यात हात घातला. कार्ड पिवळं पडलं होतं. तिनं चांदला ओट्यावर बसवलं. "लिहा भाऊ. तांबू व्याली."

"परत व्याली का, अक्का?"

"नही. तीच."

"ती कालवड तर आता स्वतः माजावर येईल!" चांद हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं टाक उचलला आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर बाईमाणसाचं. चांद वाचू लागला, "हे फिरतीवर होते. आल्यावर तुमचं कार्ड दिलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, लिही, कालवड झाली असेल, तर ती उशिरा माजावर आली तरी तिला वांझ म्हणू नका. आमच्याकडे सर्व क्षेम. सौ. प्रमिला."

अंगणात कालवड खुंट्याभोवती फिरत होती. तिच्या गळ्यात नव्वद गाठींची सुतळी होती.

"उत्तर लिहू का, अक्का?"

"नको." वच्छलानं पदरानं डोळे टिपले. "ते ‘दोनदा वाचलं’ आहे ना, तेवढंच परत वाचा."