पावणं जेवल्याबिगर

पटणार नसेल तर इथंच थांबा. पण हे घडलंय, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे वडील आत्ता बाहेर कट्ट्यावर बसलेत.

मी संयोगिता. आमचं घर कोल्हापूरजवळ, गडमुडशिंगीत. गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. सुरू झाली ती मात्र दिल्लीत, भर दुपारी.

आबांना राजधानी बघायची फार हौस, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. आबा म्हणजे माझे वडील, गणपतराव. आवाज असा की बोलले तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस वळून बघते. लाल किल्ला बघून म्हणाले, आपल्या पन्हाळ्याला चढताना घाम तरी निघतो. म्युझियममध्ये काचेत हजारो वर्षांपूर्वीचा सांगाडा होता. लोक फोटो काढत होते आणि आबा हात जोडून उभे.

आणि भेटेल त्याला आमंत्रण. रिक्षावाला, चहावाला, गेटवरचा पोलीस... सगळ्यांना एकच. या की कोल्हापूरला, तांबडा-पांढरा खायला.

कोल्हापूरचा माणूस हे बोलतोच. खरंच कुणी येत नाही.

शेवटच्या दिवशी एका बागेमागचा जुना मकबरा बघायला गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. आत अंधार आणि गारठा. कबुतरंसुद्धा नव्हती.

मी दारात फोटो काढत होते. आतून आबांचा आवाज आला.

"मग या की, पावणं. आमच्याकडं जेवायलाच या."

घुमटात आवाज घुमतो. 'या... या...' असाच परत यायला हवा होता.

परत आलं ते...

"येतो."

मी आत धावले. आबा एकटेच होते.

"आबा, कुणासंगं बोलायलायसा?"

"हे काय, बसल्यात की. आपल्याकडचंच हायत. लई दिवसांत कुणी जेवायला बोलवलं न्हाई म्हणत्यात."

ते बोट दाखवत होते तिथं फक्त कबर होती.

मी त्यांना ओढतच बाहेर आणलं. ऊन लागलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. हिवाळ्यात!

गावी आलो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमचं कुत्रं फाटकाबाहेर जाऊन बसलं. कितीही बोलावलं तरी आत येईना.

म्हशीनं पान्हा चोरला.

आणि आबांनी आईला सांगितलं, "ताट वाढ. पावणं आल्यात."

आईला वाटलं, कुणी तरी खरंच आलंय. तिनं वाढलं. पाटावर कुणीच नव्हतं.

आबा समोर बसले... आणि बसूनच राहिले. आमच्याकडं रीत आहे. पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरच्या माणसानं ताटाला हात लावायचा नाही.

पाहुणा घास घेईना.

रोज तेच. आबा नुसत्या पाण्यावर. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सलाईन लावलं तर आबांनी सुई उपटून काढली. आईनं जोतिबाला नवस बोलला. भाकरीची चवड संपवणारा माझा बाप डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

"पावणं जेवल्याबिगर मी कसा जेवू?" एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी त्यांना उठून बसताही येईना. आई त्यांच्या उशाशी रडत होती. मला भीती वाटत होती आणि तितकाच संतापही आला होता. ताट मीच वाढलं. भाकरी, तांबडा रस्सा, कांदा. रिकाम्या पाटासमोर ठेवलं.

आणि तेव्हा डोक्यात आलं. आम्ही रोज घाबरून, गपचूप वाढत होतो. आग्रह कुणीच केला नव्हता. आग्रहाशिवाय कुठला पाहुणा जेवतो?

मी रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाले,

"घ्या की, पावणं. लाजू नका. आपलंच घर समजा."

आणि पाठ फिरवून उभी राहिले. पाहुण्याच्या ताटात बघत राहू नये म्हणतात.

बराच वेळ काहीच नाही.

मग... भाकरी मोडल्याचा आवाज.

मग... रस्सा ओरपल्याचा.

वळून बघायची हिंमत झाली नाही. आवाज थांबल्यावर वळले, तेव्हा ताट चाटून-पुसून लख्ख होतं. आतून आबा आईला म्हणत होते, भूक लागलीया. मी तिथंच खाली बसले आणि ढसाढसा रडले.

सकाळी आबा कट्ट्यावर चहात चपाती बुडवून खात होते. मी पाहुण्यांचं विचारलं.

"गेलं पहाटं. लई खूश होतं. आता तुम्ही या म्हणत होतं, आमच्याकडं जेवायला."

"मग तुम्ही काय म्हणालासा?"

"मला म्हाताऱ्याला कुठलं जमतंय? म्हटलं, पोरगी येईल. तिनंच आग्रह केलता न्हवं?"

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. ते बिचारे गोंधळून गेले. बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, हेच त्यांना कळेना.

मग हळूच म्हणाले, "लवकर जाऊन ये, बाई. तू आल्याबिगर जेवणार न्हाई म्हणाल्यात."

मी दिल्लीला परत गेलेले नाही. जाणारही नाही. पण ताटावर बसले की घशाखाली घास उतरत नाही. तिकडं त्या अंधारात कुणी तरी उपाशी बसलंय, माझी वाट बघत.

आणि वाट बघून कंटाळला तर... आमचं घर त्याला माहीत झालंय.