भनपुरीचा मोड

साहेब, भनपुरीची लाईट तुम्ही खाल्ली. नाही म्हणू नका. रायपूर राजधानी झाली म्हणून तिकडं चौकाचौकात झालरी लटकवल्या, झाडांच्या बुंध्यांनाही दिवे गुंडाळले, आणि इकडं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दिवस बुडला की तुमच्या ऑफिसातलं कोणीतरी खटका खाली ओढायचं. विचारायला गेलो तर म्हणे, लोड वाढला. वाढला असेल. पण त्या लोडाखाली आमच्या गल्लीतल्या कौमुदीचं मिरचीचं बी दबलं होतं, ते तुम्हाला कोण सांगणार? आता ऐका.

बी म्हणजे मूठभर. कौमुदीचे बाबा नरहरी रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या भिवापूरकडच्या गावची ही मिरची. गावचं वावर भावानं विकलं, तिथं प्लॉट पडले. मिरची उरली ती एवढ्या मुठीत, आणि तेही बी जुनं होत चाललेलं. यंदा उगवलं नाही तर तिचं नाव संपलं. त्यात मिरचीचं बी मोठं नखरेल. ऊब मिळाली नाही तर डोळा उघडत नाही, आणि पूस महिन्यातली रायपूरची थंडी तर हाडात शिरते.

म्हणून कौमुदीनं खोकं केलं होतं. खाली पैरा, म्हणजे भाताचं तणस, त्यावर ओल्या फडक्यात बी, बाजूला चाळीसचा बल्ब, वरून पोतं. कोंबडी अंड्यावर बसावी तशी ऊब. पण संध्याकाळी लाईट गेली की कोंबडी उठून चालती व्हायची. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ठेवून पाहिलं, तर त्यालाही लाईटच लागते. चुलीच्या राखेजवळ ठेवलं, तर एक बाजू गरम आणि दुसरी गार. शेवटी तिनं बियांची पुरचुंडी बांधली आणि बीरगांवच्या गोदावरीमावशीकडं नेली. मावशीच्या घरात मेणबत्ती जळत होती.

तशीच ती सवारीच्या टेम्पोनं परत निघाली. थंडीसाठी टेम्पोचे पडदे पाडलेले. पुरचुंडी शालीत, पोटाशी. राहवेना म्हणून तिनं गाठ सैल करून आत पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "मोड नाही आला अजून..."

समोर बसलेल्या पोरानं मान वर केली. "मोड़ तो निकल गया, दीदी." आणि ती काही बोलायच्या आत त्यानं टपावर थाप मारून टेम्पो थांबवला.

गंमत अशी की भनपुरीचा मोड, म्हणजे वळण, खरंच मागं राहिला होता. बी पाहण्याच्या नादात कौमुदीला पत्ताच नव्हता. ती उतरली. ट्रकांचा रस्ता, धूळ, अंधार. मागून तोही उतरला आणि थोडं अंतर ठेवून चालू लागला.

"मी बियाच्या मोडाचं म्हणून राहिली होती," ती म्हणाली. "कोंब. अंकुर."

"बीज का भी मोड़ होता है?"

"मराठी नाही समजत का?"

समजत होतं त्याला. भोसल्यांच्या काळापासून त्याचं घराणं रायपुरात. घरात आई मराठीच बोलायची, पण त्याच्या तोंडून निघताना ती हिंदी होऊन निघायची. उरला भागातल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये फिटर होता. नाव विचारलं तर म्हणाला, शिशिर.

कौमुदी थांबलीच. "थंडी माझं बी मारून राहिली, अन् याचं नाव पाहा."

"नाम बदल लूँ?"

इतक्या सरळपणे विचारलं त्यानं... की ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

घराच्या दारात येईपर्यंत त्याला सगळं कळलं होतं. आमची भट्टी कधी विझत नाही, तो म्हणाला, अर्धं बी मला द्या. नरहरींनी खाटेवरून त्याला नीट पाहून घेतलं, पण अडवलं नाही. कौमुदीनं पुरचुंडीच्या दोन पुरचुंड्या केल्या. फडकं ओलं ठेवायचं, टपटपतं नाही. हाताला कोमट लागेल एवढीच ऊब. त्यानं मान हलवली आणि गेला.

गेला तो आलाच नाही.

तिच्याजवळच्या अर्ध्या बियांवर पांढरी बुरशी चढली. बाबा रोज सकाळी खोक्याकडं पाहायचे, मग तिच्याकडं. ती मोडावर उभी राहून टेम्पो न्याहाळायची. मनातल्या मनात त्या पोट्ट्याला नाही नाही ते बोलायची. आणि एके दिवशी टेम्पोचा पडदा हलला, तर तिला आधी बी आठवलं नाही... दुसरंच काही आठवलं. तिचा तिलाच राग आला.

मग एका दुपारी तो दारात उभा. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

पुरचुंडी भट्टीच्या भिंतीला ठेवली होती, पण हात लावून पाहिला तर चटका बसला. लगेच काढली. मग मिलमध्ये हाताएवढं कोमट काही सापडेना, म्हणून स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. ड्यूटीवर, जेवताना, झोपताना. कूस बदलायची नाही. ओल्या फडक्यानं खोकला धरला. आईला वाटलं, पोराच्या छातीत दुखतं. दाखवायला काही नव्हतं, म्हणून तोंड दाखवलं नाही.

एवढं सगळं हिंदीत सांगून तो अडखळला. शब्द शोधला.

"मोड... आला."

कौमुदीनं गाठ सोडली. सगळ्या नाही, पण पुष्कळ बियांच्या टोकाला पांढरे, वाकडे, इवलेसे कोंब. नरहरींनी चष्मा लावला, एक बी बोटावर घेतलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कुंडीत घालायला माती आणतो," आणि माती अंगणात असताना मागच्या दारानं निघून गेले.

दोघंच उरली. पुरचुंडी तिच्या तळहातावर अजून कोमट होती.

"इतने दिन यहाँ रखी," त्यानं छातीवर हात ठेवला. "अब खाली-खाली लगता है."

"मराठीत सांग."

तो मिलच्या धुळीनं काळवंडलेली नखं पाहत राहिला.

"मले... तू पायजे."

तिनं तोंड फिरवलं. कानाची पाळी तेवढी दिसत होती, मिरचीसारखी.

"अन् टेम्पोत मले काय म्हटलं होतं?"

"वापस लिया," तो घाईघाईनं म्हणाला. "दीदी वापस."

"अन् नाव बदलू नको," ती हळूच म्हणाली. "शिशिरात उगवलं, असं सांगीन मी सगळ्यांना."

तर साहेब, रोपं आता कुंड्यांत आहेत, चार-चार पानांची. आणि लग्न ठरलं आहे, होळी झाली की. मांडव भनपुरीतच, आमच्या गल्लीत. गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला. दिवस बुडतानाचा. तुमच्या माणसाचा खटका ओढायचा वेळ तोच. त्या पोरानं आपल्या छातीची ऊब लावली म्हणून एक मिरची वाचली, तुमच्या ऑफिसचं त्यात काही नाही. पण अंतरपाट दूर होईल तेव्हा त्याला तिचं तोंड दिसलं पाहिजे. लोडाचं सांगू नका. राजधानीचं तर सांगूच नका. त्या संध्याकाळी भनपुरीत लाईट राहील का? हव का नाही, तेवढं बोला.